भर पावसात न्यू फॉरेस्ट

इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टला कधी जायचं असं विचारलं की इकडचे सगळे जण ऑगस्ट सांगतात. हेदर नावाचं बुटकं झुडूप फुललेलं असतं, माळच्या माळ जांभळे, फोटो मस्त येतात आणि पार्किंगला जागा मिळत नाही. जा की, ऑगस्टमध्ये पण जा, एकदा बघावंच ते. पण माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचा शेवट नाहीतर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, आणि तोही कोरडा दिवस नको, चांगला भिजका हवा, म्हणजे मोबाइलवर दिवसभर ढग आणि थेंबच दिसतायत आणि शहाणी माणसं घरी बसायचं ठरवतात ना, तसला. नवरा म्हणतो तुला वेड लागलंय. तरी येतो बिचारा, सॅकमध्ये सॉक्सचा जास्तीचा जोड टाकून.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाऊस पडत नसेल तर ही जागा अर्धीच दिसते. कोरड्या दिवशी रान म्हणजे झाडं, माळ म्हणजे झुडपं, आणि मध्ये कुठे कुठे पोनी, बस. पाऊस लागला की पाणी कुठे थांबतंय, कुठून पळतंय, कुठे गुपचूप जिरतंय हे दिसायला लागतं आणि मग उलगडत जातं की इथे एवढाली बीच नावाची झाडं आणि शंभर पावलांवर एक झाड नाही असं का. ते नकाशा बघून नाही कळत. बुटात पाणी गेलं की कळतं.

आधी थोडा इतिहास, पटकन. इंग्लंडच्या दक्षिणेला, मुख्यतः हॅम्पशरमध्ये हा सगळा भाग. विल्यम द काँकरर ह्या राजानं 1079 च्या सुमारास स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवला, त्यामुळे त्यात नुसती झाडं नाहीत, माळ, दलदल, गवताचे पट्टे सगळं एकत्रच आलं. त्याचा मुलगा विल्यम रूफस 1100 साली इथेच शिकारीत बाण लागून मेला. अपघात की खून यावर लोक अजून वाद घालतात आणि बाण लागला म्हणतात त्या जागी एक दगड पण आहे, पण तो मुख्य हायवेजवळ आहे आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखं फार काही नाही. नॅशनल पार्क व्हायला मात्र 2005 साल उजाडलं.

आता रान. बीचच्या रानात पाऊस आधी ऐकू येतो आणि अंगावर नंतर येतो. वर तडतड चालू झालेली असते आणि खाली आपण कोरडेच, हूड पण वर घेतलेलं नसतं, मग हळूहळू पानं भरतात आणि मोठे मोठे थेंब पडायला लागतात, पावसाच्या थेंबापेक्षा मोठे, बरोब्बर मानेवर. आणि शेवटाला उलटं. पाऊस थांबलेला असतो, बाहेर चक्क ऊन पडलेलं दिसतं आणि झाडाखाली टपटप चालूच. रानाला पाऊस उशिरा लागतो आणि उशिरा सोडतो. म्हणून सर आली की झाडाखाली पळायचं हे ठीक आहे, पण सर गेली की लगेच बाहेर पडायचं, लोक नेमकं हेच विसरतात आणि झाडाखाली उभे राहून भिजत बसतात.

बीचचं खोड बघत बसावं असं असतं पावसात. साल एकदम गुळगुळीत आणि फांद्या वरच्या बाजूला वळलेल्या, त्यामुळे वरचं पाणी फांद्यांवरून गोळा होऊन खोडावर येतं आणि तिथून काळ्या ओहळांनी खाली उतरतं. जोरात पाऊस असेल तर बुंध्याशी पांढरा फेस साचतो, चांगला जाडजूड, कुणीतरी काहीतरी ओतून गेलंय की काय असं वाटावं. पण तो झाडाचाच. पाणी उतरताना सालीवरची धूळ, क्षार, झाडाचे रस असं सगळं घेऊन येतं आणि मुळांशी घुसळलं की फेस धरतो. ओकवर हे असं फारसं दिसत नाही कारण ओकची साल भेगांची, पाणी त्या भेगांतच मुरतं, आणि म्हणूनच ओकच्या फांद्यांवर शेवाळ, लायकेन, छोटे छोटे नेचे यांची अख्खी वसाहत असते जी उन्हाळ्यात सुकून मरगळलेली असते आणि आता पावसात एकदम टम्म फुगून हिरवीगार. कोरड्या दिवशी त्या फांदीकडे तुम्ही ढुंकून पण बघणार नाही.

रंगांबद्दल तर काय सांगू. पानातलं हरितद्रव्य झाड मोडून टाकतं, त्यातलं कामाचं सगळं परत आत ओढून घेतं, आणि मग पिवळा जो आधीपासून पानात होताच तो उघडा पडतो. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत नव्यानं तयार होतो. न्यू फॉरेस्टमध्ये लाल कमीच, इथला मामला तांबूस, सोनेरी, तपकिरी असा. आणि ओलं पान कोरड्या पानापेक्षा कितीतरी गडद दिसतं, कारण पाण्याचा थर बसला की पानावरची ती धुरकट चमक जाते आणि आतला रंग दिसतो. खाली पडलेल्या बीचच्या पानांचा गालिचा भर पावसात, ढगाळ उजेडात बघा, मग उन्हातले ते फोटो पाणचट वाटतील. बीचची छोटी झाडं तर वाळलेली पानं अख्खा हिवाळा अंगावर ठेवतात, सोडतच नाहीत, वसंतात नवीन कळ्या फुगल्या की मगच.

मग अळंब्या. ह्यासाठीच अर्धे लोक ह्या दिवसांत येतात. बर्चच्या झाडांखाली ती लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची फ्लाय अ‍ॅगॅरिक, लहान मुलांच्या पुस्तकात असते ती. गंमत म्हणजे ते ठिपके तिचे स्वतःचे नव्हेतच, ती जमिनीतून वर येते तेव्हा एका पांढऱ्या आवरणात असते, टोपी फुगली की ते फाटतं आणि त्याचे तुकडे वर चिकटून राहतात. म्हणून चार दिवस जोराचा पाऊस झाला की ठिपके धुऊन जातात आणि नुसती लालभडक टोपी राहते, आणि मग पुस्तकातलं चित्र बघून आलेला माणूस तिला ओळखत नाही. उलट अ‍ॅमेथिस्ट डिसीव्हर म्हणून एक छोटी अळंबी आहे, ती ओली असली की गर्द जांभळी आणि वाळली की फिकट, मळकट, दिसणार पण नाही पाचोळ्यात. ती बघायची तर पावसातच. आणि पडलेल्या बीचवर पोर्सिलेन फंगस, पांढरीशुभ्र, अर्धपारदर्शक, वरून बुळबुळीत, तिच्यातून उजेड आरपार येतो, तिच्यासाठी मी चिखलात गुडघे टेकलेले आहेत, पँटची पर्वा न करता.

तोडायच्या मात्र नाहीत. न्यू फॉरेस्टच्या सरकारी रानात अळंब्या तोडू नका असं फॉरेस्ट्री इंग्लंडवाले स्पष्ट सांगतात, पाट्या पण आहेत. आणि तसंही, ओक-बीचच्या खाली डेथ कॅप पण उगवते. जगात अळंबी खाऊन जी माणसं मरतात त्यातली बहुतेक हिच्यामुळे, आणि दिसायला ती अगदीच साधीसुधी, फिकट हिरवट, कुणाला भीती वाटणार नाही अशी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून "ही खायची का" विचारणाऱ्यांना माझा एकच सल्ला, नका.

आणि डुकरं! हे इथे राहायला आल्यावर पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं. ऑटममध्ये ओकची फळं, म्हणजे एकॉर्न, ढिगांनी पडतात, आणि हिरवी एकॉर्न पोनींना आणि गाईंना विषारी, त्यातल्या टॅनिनमुळे किडनी निकामी होते. डुकरांना मात्र काही होत नाही, उलट ती मजेत फस्त करतात. म्हणून दर वर्षी ठरावीक मुदतीत, साधारण सप्टेंबरपासून पुढे किमान साठ दिवस, रानात डुकरं सोडतात. ह्याला पॅनेज म्हणतात. हा हक्क सगळ्यांना नाही, इथल्या काही विशिष्ट घरांना आणि जमिनींना तो पिढ्यान्‌पिढ्या जोडलेला आहे आणि असा हक्क असणाऱ्यांना कॉमनर म्हणतात. डुकरांच्या नाकात कडी असते, नाहीतर ती जमीन पार खणून काढतील, तरी पण पावसात त्यांनी उकरलेला चिखल म्हणजे बघायलाच नको. तुम्ही पायवाटेवरून चाललाय, धुकं आहे, आणि समोरच्या नेच्यातून फुर्रफुर्र आवाज येतोय, आणि एक भलीमोठी ठिपक्यांची डुकरीण पिलावळ घेऊन बाहेर येते आणि तुमच्याकडे बघत पण नाही, एकॉर्न चावण्याचा कटकट आवाज लांबून ऐकू येतो. त्यांच्या आणि पिल्लांच्या मधून जायचं नाही एवढं पाळलं की झालं. ऑक्टोबरमध्ये फॅलो हरणांचा माजाचा काळ पण असतो, नर घोगऱ्या आवाजात ढेकर दिल्यागत ओरडत असतात, त्यांच्यापासूनही लांबच राहायचं.

तर असं रान चालू असतं आणि मग अचानक संपतं. हळूहळू विरळ होत नाही बऱ्याच ठिकाणी, शेवटचं झाड आणि मग एकदम माळ. आत वारा नव्हता असं वाटत असतं, तो होता, फक्त वर होता. बाहेर पाय टाकला की नैर्ऋत्येकडून आलेला पाऊस आडवा तोंडावर. चष्मेवाल्यांनी इथे चष्मा काढून खिशात ठेवावा, काही उपयोग नसतो त्याचा.

पण बघा एकदा तो माळ त्या दिवसांत. हेदरची फुलं वाळून तपकिरी झालेली असतात पण गळलेली नसतात, कागदी होऊन तशीच अंगावर. त्यात ब्रॅकन, म्हणजे तो उंच नेचा, पावसानं भिजून गंजाच्या रंगाचा झालेला. मधून मधून पर्पल मूर ग्रास, नाव पर्पल पण ह्या दिवसांत पिवळट पांढरं पडलेलं, वाऱ्यावर सगळं एका दिशेला. आणि ह्या सगळ्या तपकिरीत गॉर्सच्या काटेरी झुडपांवर पिवळीजर्द फुलं! गॉर्सच्या दोन-तीन जाती आहेत आणि त्या वेगवेगळ्या वेळी फुलतात, त्यामुळे कुठे ना कुठे फूल असतंच. इंग्रज लोक म्हणतात गॉर्स फुललेला नसेल तेव्हा मुके घ्यायचे दिवस संपले, म्हणजे कधीच नाही. एवढे मुद्द्याचं न बोलणारे लोक आणि म्हण बघा कसली.

आता मुख्य मुद्दा. हा माळ नैसर्गिक नाहीये. मला आधी वाटायचं की असेल बुवा, जमीनच तशी असेल. जमीन तशी आहे हे खरं, पण ती तशी *झाली*. इथे पूर्वी झाडंच होती, ब्राँझ युगातल्या लोकांनी, म्हणजे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी, रान तोडून शेती केली, गुरं चारली. खालची जमीन वाळूची, खडीची, मुळातच कमी कसाची, झाडं गेल्यावर पाऊस थेट तिच्यावर पडायला लागला आणि वरच्या थरातलं लोह आणि सगळा कस धुऊन खाली नेला. वर राहिली राखाडी, आंबट वाळू. आणि खाली नेलेलं लोह एका पातळीवर साचून साचून कडक थर झाला, इतका कडक की त्यातून पाणी पण खाली जात नाही. म्हणजे वर वाळू असून पाणी मुरत नाही! उन्हाळ्यात हे कुणी सांगितलं तर तुम्ही मान डोलवाल आणि विसराल. नोव्हेंबरमध्ये टेकाडाच्या अगदी माथ्यावर, जिथे पाणी साठायचं काही कारणच नाही, तिथे डबक्यात पाय गेला की तो थर कायमचा लक्षात राहतो. पायवाटेच्या कडेला जिथे माती ढासळलीय तिथे वाकून बघा, वरचा काळा थर, मग राखाडी, मग गंजाची रेघ, सगळं दिसतं, आणि पावसात तर त्या गंजाच्या रेघेवरून पाणी झिरपत असतं.

आणि ते तोडणारे लोक पण गेलेले नाहीत पूर्ण. माळावर जे गोल गोल उंचवटे दिसतात ना, ती त्यांची थडगी. नकाशावर ट्युम्युलस असं लिहिलेलं असतं. बरेच उंचवटे नेमके माथ्यावर, लांबून दिसतील असे.

एवढ्या कंगाल जमिनीत हेदर जगतं कारण त्याच्या मुळांशी बुरशीची भागीदारी आहे, ती त्याला अन्न मिळवून देते. बाकी कुणी फारसं टिकत नाही. टिकतात ते बर्च आणि स्कॉट्स पाइन, आणि मोकळं सोडलं तर काही वर्षांत ते अख्खा माळ गिळतात. ते होत नाही कारण पोनी आणि गुरं कोवळी झाडं खातात, माणसं पाइनची रोपं उपटतात, आणि हिवाळ्यात थोडा थोडा माळ मुद्दाम जाळतात, कायद्यानं नोव्हेंबर ते मार्च एवढीच मुभा आहे त्याला. ब्रिटनमधले असे सखल भागातले 80 टक्क्यांहून जास्त माळ 1800 नंतर गेले, शेतीत, घरांत, लाकडाच्या लागवडीत. इथला राहिला तो ह्या पोनींच्या दातांमुळे. म्हणून कुणी "किती उजाड आहे इथे, झाडं लावायला पाहिजेत" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पोनी जंगली नाहीत, प्रत्येक पोनीला मालक आहे, कॉमनर. त्यांच्यावर लक्ष ठेवायला अ‍ॅजिस्टर नावाची माणसं नेमलेली असतात आणि ती पोनीच्या शेपटीचे केस ठरावीक पद्धतीनं कापतात, प्रत्येक अ‍ॅजिस्टरचा काप वेगळा, त्यावरून कुठल्या भागातली पोनी ते कळतं आणि मालकानं वर्षाची फी भरलीय हे पण. ह्या सगळ्यावर व्हर्डरर्स, म्हणजे रानाचा कारभार बघणारी मंडळी, त्यांचं कोर्ट लिंडहर्स्टला बसतं, अजूनही. पावसात पोनी वाऱ्याकडे पाठ करून मान खाली घालून उभ्या असतात, तासन्‌तास, किंवा हॉलीच्या झाडाखाली. हिवाळ्यात दुसरं काही नसलं की गॉर्स पण खातात, काट्यांसकट! त्यांना काही खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही. त्यांच्या पायवाटांवर पण विश्वास ठेवायचा नाही, कारण माळावर दिसणाऱ्या अर्ध्याअधिक पायवाटा त्यांच्याच असतात, छान रुळलेली वाट म्हणून तुम्ही जाता आणि ती एका गवताच्या तुकड्याशी संपते. त्यांना तिथेच जायचं होतं.

पाय कुठे टाकायचा हे झाडंच सांगतात, आणि हे शिकायला मला फार मजा आली. हेदर म्हणून आपण जे सरसकट म्हणतो त्यात तीन तरी निघतात. बेल हेदर असेल तर जमीन कोरडी, बिनधास्त चाला. लिंग, म्हणजे नेहमीचं हेदर, कुठेही. आणि क्रॉस-लीव्हड हीथ, पानं चार-चारच्या झुबक्यात फुलीसारखी, ते दिसायला लागलं की समजायचं ओल सुरू झाली. मग मूर ग्रासचे गड्डे, त्यांच्या डोक्यांवर पाय देत देत जाता येतं पण घोटा मुरगळायची हमी. मग बॉग मर्टलची झुडपं, पान चुरगळलं की सुंदर वास. आणि त्यापुढे जे एकदम पोपटी, मऊ, लुसलुशीत हिरवं दिसतं, अख्ख्या माळावर सगळ्यात आमंत्रण देणारं, तिथे अजिबात जायचं नाही. ते स्फॅग्नम, शेवाळ, खाली पाणी. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरतं ते. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा ब्रिटननं हेच गोळा करून जखमांवर बांधायला पाठवलं होतं. नेच्याखाली सोनं, गॉर्सखाली चांदी आणि हेदरखाली दुष्काळ अशी एक जुनी म्हण आहे इकडे, जमीन विकत घेणाऱ्या शेतकऱ्याची, ब्रॅकनला खोल आणि निचऱ्याची माती लागते म्हणून सोनं. म्हणीत दलदलीचं काही नाही, ती कोण विकत घेणार.

गॉर्समध्ये कधी कधी डार्टफर्ड वॉर्ब्लर दिसतो, एवढासा, लांब शेपटीचा, गडद. पावसात फार दिसत नाही, सर थांबली की मिनिटभर वर येऊन बसतो. हा पक्षी हिवाळ्यात पण इथून जात नाही आणि खातो किडे, त्यामुळे 1962-63 च्या त्या भयंकर थंडीत अख्ख्या ब्रिटनमध्ये जेमतेम दहाच्या आसपास जोड्या उरल्या होत्या. तिथून परत वाढला. म्हणजे त्याला पाऊस चालतो, बर्फ साचून राहिलेला चालत नाही.

माळावरून सगळं पाणी शेवटी ओढ्यांना येतं. ब्रॉकनहर्स्टजवळचा ओबर वॉटर घ्या, पाणी बिनदुधाच्या चहासारखं, स्वच्छ पण तपकिरी, पीटमधून, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थरातून, आणि पाचोळ्यातून आल्यामुळे. गंमत अशी की व्हिक्टोरियन काळात इथले बरेच ओढे सरळ केले होते, खोल चर खणून, का तर जमीन कोरडी व्हावी आणि लाकडाची लागवड करता यावी. पाणी जोरात वाहायला लागलं, तळ खरवडत गेला आणि वरची दलदल सुकायला लागली. आता उलटं काम चालू आहे, चर बुजवून ओढ्यांना परत जुनी वळणं देतायत. सगळ्यांना पटत नाही ते, चांगला वाहता ओढा का बिघडवताय असं म्हणणारे पण आहेत, आणि त्यांची बाजू ऐकल्याशिवाय बोलू नये. पण मला विचाराल तर जोराच्या पावसानंतर दोन्ही प्रकारचे ओढे बघून या. सरळ केलेल्या ओढ्यात पाणी खाली, खड्ड्यात, घाईघाईनं निघालेलं असतं. वळणांच्या ओढ्याचं पाणी काठ सोडून दोन्ही बाजूच्या झाडांमध्ये पसरलेलं, संथ, ऑल्डरची खोडं पाण्यात उभी, आणि तुमची पायवाट पाण्याखाली. हो, पायवाट जाते पाण्याखाली. वळसा घालायचा.

जाणार असाल तर थोडं कामाचं. ब्रॉकनहर्स्टला ट्रेननं उतरता येतं, लंडन वॉटर्लूहून थेट गाडी आहे, आणि तिथून ऱ्हाइनफील्डच्या दिशेला निघालं की व्हाइटफील्ड मूरचा माळ आणि ओबर वॉटरच्या काठचं रान दोन्ही चालत गाठता येतं. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल 22, कागदी घ्या, ओला झाला तरी चालतो, फोनची स्क्रीन थेंब पडले की बोटाचं ऐकत नाही. माळावर वाट सोडून फिरायला 2000 च्या कायद्यानं परवानगी आहे, पण मार्चपासून उन्हाळ्यापर्यंत जमिनीवर घरटी असतात तेव्हा वाटेवरच राहावं.

महागडं जॅकेट चांगलंच, पण दिवसभराच्या पावसात कुठलंही जॅकेट शेवटी खांद्यावर ओलं होतं, सॅकचे पट्टे घासतात तिथे, त्यामुळे आत लोकर घाला, ती ओली झाली तरी ऊब देते. जीन्स नको, प्लीज. पायात गमबूट की ट्रेकिंगचे बूट ह्यावर आमच्या घरात कायम भांडण आहे, तो बूटवाला, मी गमबूटवाली. रानात त्याचं बरोबर, ओल्या मुळांवर गमबूट घसरतात. माळावर माझं बरोबर.

घड्याळ बघत राहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि एकदम पावणेपाच-पाचच्या आत सूर्य मावळतो, ढग असले की रानात चारलाच अंधारून येतं. टॉर्च ठेवा. गाडीनं जाणार असाल तर परत येताना हळू, कारण पोनी आणि गाई रस्त्यावर असतात, कुंपण नाही, आणि ओल्या डांबरावर काळी गाय अजिबात दिसत नाही. बऱ्याच रस्त्यांवर ताशी 40 मैलांची मर्यादा आहे पण अंधारात तेवढी पण जास्त वाटते. काही पोनींच्या गळ्यात चमकणारे पट्टे असतात, सगळ्यांच्या नसतात.

घरी आल्यावर आधी टिक, म्हणजे गोचीड, चिकटलीय का बघा, गुडघ्यामागे, कमरेला, काखेत. थंडी पडली म्हणजे टिक गेल्या असं नसतं, नोव्हेंबरमध्ये पण मिळतात, ब्रॅकनमधून चालला असाल तर नक्कीच बघा. चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, जाळायची नाही, आणि पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरताना दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे, लाइम डिसीज असू शकतो. बुटांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभरानं बदला, रेडिएटरवर ठेवू नका, चामडं तडकतं. आणि रविवारी ट्रेननं जाणार असाल तर आदल्या रात्री टाइमटेबल बघा, ह्या दिवसांत रुळांची कामं निघतात आणि मग मधला तुकडा बसनं, ओल्या कपड्यांत.